गावातलं जुनं दगडी देऊळ लेकरांना कसं दाखवावं?



मागच्या वर्षी चौथीच्या लेकरांना घेऊन जवळच्या गावातल्या महादेवाच्या जुन्या देवळात क्षेत्रभेटीला गेले होते. माझी तयारी अशी होती : देवळाचं नाव सांगायचं, "हे हेमाडपंती आहे" म्हणायचं, खिचडी खाऊ घालायची आणि परत यायचं. पण लेकरं कुठं तसं करू देतात! एकाने विचारलं, "मॅडम, भिंतीला चुना नाही, सिमेंट नाही, मग दगड पडत कसे नाहीत?" दुसरीने विचारलं, "नंदीचं कळलं, पण इथं जमिनीत कासव कशाला?" मी दोघांनाही म्हणाले, "नंतर सांगते." खरं तर मलाच माहीत नव्हतं. डीएड करताना परिसर अभ्यास कसा शिकवायचा ते शिकले होते, पण परिसरातलं देऊळ कसं बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले, जिल्ह्यातली चार देवळं नीट बघितली. त्यातून जे समजलं ते इथे मांडत आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात अशी देवळं बरीच आहेत. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा तर जुनी देवळं, उंच कोरीव स्तंभ आणि बारव यांसाठी ओळखलं जातं. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठी धारासूरला गुप्तेश्वराचं देऊळ आहे. शेजारचं औंढा नागनाथ १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. ही नावाजलेली ठिकाणं झाली. पण अनेक लहान गावांतही एखादं छोटं दगडी देऊळ, अर्धवट पडलेला मंडप किंवा पिंपळाखाली ठेवलेले कोरीव दगड सापडतातच.

आधी "हेमाडपंती" या शब्दाबद्दल

काळ्या दगडाचं, चुना न वापरता बांधलेलं देऊळ दिसलं की आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यादव यांच्या काळात ते होऊन गेले. पण अशी बांधणी त्यांच्या कितीतरी आधीपासून चालू होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे. हेमाद्रींच्या दोनशे वर्षे आधीचं! मराठवाड्यात यादवांच्या आधी कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि आपल्याकडची काही देवळं त्या काळातलीही आहेत.

म्हणून मुलांना सांगताना "हेमाडपंतांनी बांधलं" असं सांगू नये. "साधारण आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं, चालुक्य-यादव काळातलं" असं सांगावं. "हेमाडपंती" हे बांधणीचं लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव आहे, एवढं समजलं तरी पुरे.

चुन्याशिवाय दगड उभे कसे राहतात?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होऊन तो तयार झाला, त्याला बेसॉल्ट म्हणतात. हा दगड कठीण आणि वजनदार असतो. पाथरवट छिन्नी-हातोड्याने दगडाच्या बाजू इतक्या सपाट करायचे की एक दगड दुसऱ्यावर पूर्ण टेकायचा. काही ठिकाणी खालच्या दगडाला खाच आणि वरच्या दगडाला खुंटी ठेवत, म्हणजे दगड बाजूला सरकत नसे. बाकी काम वजनच करतं. वरचा भार खालच्या दगडाला दाबून धरतो.

वर्गात हे दाखवायला सोपं आहे. चार-पाच खोडरबर एकावर एक ठेवायला सांगा. मग वर एक जाड पुस्तक ठेवा आणि खालचं खोडरबर बोटाने सरकवायला सांगा. सरकत नाही! भार म्हणजे काय ते लेकरांना तिथंच कळतं.

छताची गंमत याहून मोठी. दगडाची फार लांब तुळई टाकता येत नाही, ती मधे मोडते. म्हणून मंडपात खांब जवळजवळ असतात. चार खांबांवर चार तुळया बसवल्या की वर चौकोनी जागा उघडी राहते. त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवायचे. मग आत लहान आणि तिरका चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार दगड. असं करत उघडी जागा लहान होत जाते आणि शेवटी एका दगडाने झाकली जाते. त्या शेवटच्या दगडावर बहुधा कमळ कोरलेलं असतं. लेकरांना मंडपात उताणं झोपवून वर बघायला लावा. चौकोनात चौकोन मोजू द्या. गणिताचा तास आपोआप होतो.

बाहेरून आत जाऊ या

देवळापाशी पोहोचल्यावर लगेच आत पळायचं नाही. आधी प्रदक्षिणा घालत बाहेरून बघायचं.

ज्या उंच ओट्यावर देऊळ उभं असतं त्याला जगती म्हणतात. पुराचं, पावसाचं पाणी आणि ओल देवळाला लागू नये हा तिचा एक उपयोग. नदीकाठच्या देवळाला तर ती फारच गरजेची. बाजूला मातीची भर पडल्यामुळे काही गावांत जगती निम्मी पुरली गेली आहे, म्हणून देऊळ खोल गेल्यासारखं दिसतं. देऊळ खाली गेलेलं नसतं, गाव वर आलेलं असतं.

जगतीच्या वर देवळाची भिंत. ती सरळ नसते. पुढे आलेले आणि मागे गेलेले कोपरे असतात. काही देवळांचा आराखडा चांदणीसारखा दिसतो, धारासूरचं देऊळ तसं आहे. कोपऱ्यांमुळे दिवसभर ऊन-सावलीचा खेळ चालतो आणि मूर्ती उठून दिसतात. याच भिंतीवर देव, नर्तकी, वादक, आरशात बघणाऱ्या किंवा पायातला काटा काढणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या असतात. त्यांना सुरसुंदरी म्हणतात. धारासूरच्या सुरसुंदरी बघायला लांबून अभ्यासक येतात. लेकरांना विचारा : हिच्या हातात काय आहे? केस कसे बांधलेत? दागिने कोणते? नऊशे वर्षांपूर्वीचा पोशाख आणि वाद्यं आपल्यासमोर उभी राहतात.

मागच्या बाजूला चालत गेलो की भिंतीतून बाहेर आलेली दगडी पन्हाळी दिसते. ती प्रणाल. आतल्या अभिषेकाचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. बरेचदा तिला मगरीसारखं तोंड असतं. देवळाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर प्रणाल बहुधा उत्तरेला सापडते. लेकरांना दिशा ओळखायला हा छान खेळ आहे. महादेवाला आपण पूर्ण प्रदक्षिणा का घालत नाही, याचं उत्तरही इथंच आहे. ते पाणी ओलांडायचं नाही, अशी रीत आहे.

वर शिखर. बोलताना आपण सगळ्यालाच कळस म्हणतो, पण कळस म्हणजे फक्त टोकावरचा घडा. मराठवाड्यात बऱ्याच देवळांची मूळ शिखरं पडलेली आहेत. काही ठिकाणी भिंती दगडाच्या आणि शिखर विटांचं असतं. वीट दगडापेक्षा हलकी, त्यामुळे खालच्या भिंतींवर भार कमी पडतो. औंढ्याला खालचा भाग जुना कोरीव दगडाचा आणि वरचा भाग नंतर बांधलेला, हा फरक लेकरांनाही लांबून ओळखता येतो.

आत काय काय असतं?

पुढे छोटा मुखमंडप. त्याच्या दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाक, आणि पाठ टेकायला तिरपा कठडा. त्याला कक्षासन म्हणतात. आपल्या वाड्यातल्या ओट्यासारखीच ही जागा. वाटसरू, पारावरची म्हातारी माणसं, पुराण सांगणारे, ऐकणारे सगळे इथं टेकत असणार.

त्यानंतर मोठा मंडप. मधोमध जमिनीपासून थोडा वर आलेला गोल दगड असतो, ती रंगशिळा. देवापुढे गायन आणि नृत्य व्हायचं ते इथं. भोवतीचे खांब नीट बघा : एकच खांब खाली चौकोनी, मधे आठ कोनी आणि वर गोल. भूमितीचे आकार शिकवायला दुसरं साहित्य लागतच नाही. खांबाच्या माथ्यावर छताचा भार डोक्यावर आणि हातांवर पेलणारे बुटके यक्ष असतात, त्यांना कीचक म्हणतात. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हा तर सिमेंटची पाटी उचलल्यासारखा दिसतो." अगदी बरोबर निरीक्षण!

मंडपात नंदी आणि कासव. कासवाचं उत्तर असं : धोका दिसला की कासव पाय आणि मान आत ओढून घेतं, तसं देवापुढे जाताना माणसाने मन बाहेरच्या गोष्टींतून काढून आत वळवावं, असं परंपरेने सांगतात. ज्या मुलीने विचारलं होतं तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वर्गात शिरताना पण एक कासव पाहिजे!"

मंडप आणि गाभारा यांच्या मधली अरुंद जागा म्हणजे अंतराळ. त्यापुढे गाभाऱ्याचं दार. देवळातलं सगळ्यात बारीक कोरीव काम बहुधा इथंच असतं. चौकटीवर वेलबुट्टीचे उभे पट्टे असतात, त्या द्वारशाखा. खाली दोन्ही बाजूंना द्वारपाल. उंबरठ्यावर कीर्तिमुख, म्हणजे डोळे वटारलेला राक्षसी चेहरा. चौकटीच्या वर मधोमध छोटी मूर्ती असते, ती ललाटबिंब. तिथं पुष्कळदा गणपती असतो.

मुलांना गुप्तहेर व्हायला आवडतं, म्हणून त्यांना हे काम द्या : आज गाभाऱ्यात जो देव आहे, तोच सुरुवातीपासून होता का? बाहेरच्या मूर्ती आणि चौकट बघून अंदाज करायचा. धारासूरचंच उदाहरण घ्या. नाव गुप्तेश्वर, म्हणजे महादेवाचं. पण भिंतीवरच्या मूर्ती बघून अभ्यासक ते मूळचं विष्णूचं देऊळ मानतात. इमारत तीच राहते आणि काळाप्रमाणे तिचा वापर बदलतो, हे इतिहासातलं मोठं सत्य लेकरांना असं सहज समजतं.

गाभारा छोटा आणि अंधारा असतो. खिडकी नाही. इथं मोठी सभा भरवायची नसते, एकेकाने येऊन दर्शन घ्यायचं असतं. म्हणून गाभारा लहान आणि मंडप मोठा. आतल्या वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत : पिंड आणि तिची शाळुंका, वर टांगलेलं अभिषेकपात्र, कोनाड्यातला नंदादीप, गंध उगाळायची सहाण, दारातली घंटा. या वस्तूंची नावं लेकरांना आजीकडून लिहून आणायला सांगा. माझ्या वर्गात एकीच्या आजीने अकरा नावं सांगितली. मला त्यातली सातच माहीत होती.

अंगणातले दगड

देवळाइतकेच मोलाचे दगड अंगणात पडलेले असतात. सगळ्यात जास्त हेळसांड यांचीच होते.

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, कधी पळवून नेलेली गुरं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो पिंडीची पूजा करतो. सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता येईल अशी ही चित्रकथाच आहे. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो. तो दाखवताना सती ही प्रथा काय होती आणि १८२९ साली कायद्याने ती का बंद करावी लागली, हेही बोललं पाहिजे. दगड जपायचा म्हणजे प्रथा जपायची असं नव्हे.

जवळ बहुधा बारव असते. देवळाला आणि गावाला पाणी देणारी, पायऱ्यांची विहीर. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आणि परभणीजवळच्या पिंगळीची बारव जरूर दाखवा. देऊळ, बारव आणि पार एकत्र बघितले तरच जुनं गाव कसं चालत होतं ते समजतं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. या देवळांत सगळ्यांना प्रवेश नव्हता. देवळाला दगड वाहणाऱ्या किती हातांना आत जाता आलं असेल? संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या. चोखोबांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या बाहेर आहे. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. चौथीच्या लेकरांना हे सगळं समजतं, फक्त आपण सांगायला हवं.

एक परदेशी उदाहरण आणि माझी चूक

आपल्याकडे यादवांचं राज्य होतं, साधारण त्याच काळात, बाराव्या-तेराव्या शतकात, युरोपातल्या डेन्मार्क देशात खेड्याखेड्यांत दगडी चर्च बांधली गेली. तिथं डोंगर नाहीत. बर्फाच्या नद्यांनी वाहून आणलेले ग्रॅनाइटचे धोंडे शेतात पडलेले होते, तेच बऱ्याच ठिकाणी वापरले. आपल्याकडे काळा पाषाण, त्यांच्याकडे ग्रॅनाइट. ज्याच्या पायाखाली जे, तेच त्याच्या देवाचं घर. चर्चमध्ये गावाने एकत्र बसायचं असतं, म्हणून मोठा लांब दिवाणखाना आणि पूर्वेला पूजेची लहान खोली. लहान बाळाच्या नामकरणाच्या पाण्यासाठी कोरलेलं दगडी पात्र.

त्या चर्चच्या भिंतींवर आणि छतावर धार्मिक कथांची रंगीत चित्रं होती. पुढे धर्मपंथ बदलला, काळ बदलला, आणि बऱ्याच चित्रांवर पांढऱ्या चुन्याचे हात बसले. लोक ती विसरून गेले. एकोणिसाव्या शतकापासून चुना अलगद काढायला सुरुवात झाली आणि खालून शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं बाहेर आली. चुन्याने झाकली होती म्हणूनच त्यातली पुष्कळशी टिकली होती.

हे वाचलं तेव्हा मला माझी एक गोष्ट आठवली आणि वाईट वाटलं. मी नोकरीला लागले तेव्हा त्या गावातल्या जुन्या देवळाला ऑइल पेंट द्यायचं ठरलं. वर्गणी निघाली. मीही पाचशे रुपये दिले आणि शाळेच्या परिपाठात देणगी देणाऱ्यांची नावं कौतुकाने वाचली. खांब चकचकीत पिवळे, चौकट लाल, कीर्तिमुख हिरवं झालं. आम्हाला सगळ्यांना छान वाटलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. श्रद्धेनेच केलं.

दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटले. मग त्यावर दुसरा थर बसला. आज त्या चौकटीवरची वेलबुट्टी बोटाने चाचपली तरी लागत नाही. नाजूक खाचा रंगाने बुजल्या आहेत. डेन्मार्कमधला चुना भिंतीला श्वास घेऊ देत होता. ऑइल पेंट देत नाही. दगडातली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती आतून दगडाचा वरचा थर सोडवते. जुन्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटचंही तसंच. पाणी आत अडकतं आणि सिमेंटला सोडून शेजारचा दगडच झिजतो. रंग काढायला वाळूचा फवारा मारला तर रंगाबरोबर कोरीव कामही जातं.

म्हणून पालकांना आणि गावकऱ्यांना नम्रपणे सांगावंसं वाटतं : देवळाला वर्गणी जरूर द्या. पण ती रंग, सिमेंट आणि फरशीला न देता आधी गच्चीवर उगवलेली पिंपळाची रोपं काढायला, पावसाचं पाणी देवळापासून दूर न्यायला, मातीत गाडलेली जगती जाणकारांच्या देखरेखीखाली मोकळी करायला द्या. पिंपळ मोठा झाला असेल तर तो ओढून काढू नका, दगड सुटतात. देऊळ संरक्षित असेल तर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा लागू होतो आणि परवानगीशिवाय कोणतंही काम करता येत नाही. नसेल तरी आधी पुरातत्त्व विभागाला पत्र लिहून सल्ला मागता येतो. जुनं देऊळ उतरवून पुन्हा रचायची वेळ आलीच, तर जाणकार प्रत्येक दगडावर नंबर टाकतात, म्हणजे प्रत्येक दगड आपल्या जागेवर परत बसतो.

क्षेत्रभेट अशी घ्या

- जाण्याआधी वर्गात फक्त आठ शब्द द्या : जगती, प्रणाल, मंडप, रंगशिळा, कक्षासन, द्वारशाखा, ललाटबिंब, गाभारा. तिथं गेल्यावर ते शोधायचे.
- दोरी आणि पट्टीने मंडपाची लांबी-रुंदी मोजा. खांब मोजा. आराखडा चौकटीच्या वहीत काढा.
- शिलालेख किंवा मूर्तीवर खडू, हळद, तेल काही लावायचं नाही. अक्षरं नीट दिसावीत म्हणून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघायचं.
- मूर्तीवर चढायचं नाही, सुटा दगड हलवायचा नाही, घरी न्यायचा तर मुळीच नाही.
- दर वर्षी त्याच जागेवरून तेच चार फोटो काढून शाळेत ठेवा. काय झिजलं, काय नवीन लागलं ते पुढच्या वर्षीची लेकरं सांगतील.

या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. तोच मुलगा, आता पाचवीत गेलेला, नळाजवळ थांबला. तिथं एका सपाट दगडावर कपडे धुतले जातात. तो वाकून दगडाची कड बघत होता. म्हणाला, "मॅडम, खाली काहीतरी कोरलंय." आम्ही दगडाला हात लावला नाही. सरपंचांना आणि तिथं धुणं धुणाऱ्या मावश्यांना बोलावून दाखवलं. चार दिवसांनी गावातल्या मोठ्या माणसांनी तो सावकाश उलटला. खालून वीरगळ निघाला. वरची चौकट झिजली होती, पण खालची लढाई अजून स्पष्ट होती. मावश्यांनी स्वतःहून धुण्यासाठी दुसरा दगड आणला.

आता तो वीरगळ देवळाच्या भिंतीला टेकून उभा आहे. रंग न लावलेला.